श्रीतुकोबारायांचा पिपीलिकामार्ग

परमार्थाच्या वाटा शास्त्रकारांनी दोन सांगितल्या आहेत. एक विहंगममार्ग आणि दुसरा पिपीलिकामार्ग. पक्षी एका झेपेत झाडाच्या शेंड्यावरील फळावर जाऊन बसतो. मुंगी बुंध्यापासून निघते, सालीच्या भेगा आणि फांद्यांची वळणे पार करते, मध्येच वाऱ्याने खाली पडली तर पुन्हा बुंध्याशी येऊन चढू लागते, आणि शेवटी त्याच फळापाशी पोचते. वराहोपनिषदात शुकाचार्य हे पहिल्या मार्गाचे आणि वामदेव हे दुसऱ्या मार्गाचे उदाहरण दिले आहे. फळ दोघांनाही तेच मिळाले, हे विसरू नये.

आमच्या मंडळींत श्रीतुकोबारायांची गणना बहुतेक जण पक्ष्यांत करतात. कीर्तनात वह्या तरल्याचा प्रसंग आला, वैकुंठगमन आले, की श्रोते हात जोडतात, डोळे पुसतात आणि मनातल्या मनात म्हणतात, हे आपले काम नव्हे, ते मुळातच वरून आलेले. त्यातून महाराज म्हणजे नामदेवरायांचा अवतार, ही आपली सांप्रदायिक श्रद्धा. ती मलाही शिरसावंद्य आहे. पण अवतार म्हटला की आपली सुटका झाली, असा जो सोयीचा अर्थ काढतात तो महाराजांच्या चरित्राला धरून नाही. संतमंडळींनी आग्रह केला म्हणून महाराजांनी एका अभंगात स्वतःची हकीकत क्रमवार सांगितली आहे. हे सांगू नये खरे, पण तुमचा शब्द मोडवत नाही, असा संकोचही आधी व्यक्त केला आहे. गाथा उघडून तो अभंग प्रत्येकाने सावकाश वाचावा. त्यात झेप कोठे नाही. पायरीवर पायरी आहे, आणि त्यांतल्या पुष्कळ पायऱ्या दुकान, घर आणि गावकी यांतल्याच आहेत.

देहूचे हे घराणे मोरे कुळातले, आडनाव आंबिले. महाराजांच्या आधी आठव्या पिढीतले विश्वंभरबुवा पंढरीचे नेमस्त वारकरी. त्यांना आंब्याच्या बनात विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती सापडल्या आणि देहूला देऊळ झाले, अशी कथा आहे. म्हणजे विठ्ठल घरातच होता. त्याच्याबरोबर शेती होती, बाजाराची महाजनकी होती, दुकान होते आणि थोडी सावकारीही होती. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. जन्मशकाविषयी अभ्यासकांत वाद आहेत. सर्वसाधारण १६०८ हे साल धरतात. सावजींचे मन प्रपंचात नाही असे पाहून बोल्होबांनी व्यवहार तुकोबांच्या अंगावर टाकला तेव्हा त्यांचे वय तेरा वर्षांचे होते म्हणतात. पहिली पत्नी रखुमाबाई हिला दम्याचा विकार, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळवे सावकारांची कन्या जिजाई करून आणली. हीच आवली. येथपर्यंत सगळे सुरळीत. मग सतराव्या वर्षाच्या सुमारास आईवडील गेले. पाठोपाठ भावजय गेली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले ते परतलेच नाहीत.

आणि मग दुष्काळ आला. १६३० साली दख्खन आणि गुजरात या दोन्हीकडे पावसाने पाठ फिरवली. मोगल दरबारच्या तवारिखांत आणि परदेशी व्यापाऱ्यांच्या कागदांत या दुष्काळाची वर्णने आहेत, वाचवत नाहीत. शहाजहान बादशहा त्या वेळी बऱ्हाणपुरास तळ देऊन होता, लष्करांची ये-जा चालू होती, आणि त्याच सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणे जाळले. वरून पाऊस नाही आणि खालून फौजा, मग दाणा येणार कोठून? दुकानातले भांडवल संपले, येणी बुडाली, पत गेली. पैशाबरोबर मानही गेला, हे महाराजांनी स्वतः सांगितले आहे. रखुमाबाई अन्न अन्न करीत गेली. पहिला मुलगा संतोबा, तोही गेला.

या ठिकाणी मी नेहमी थांबतो. ज्याच्या घरी महाजनकी, ज्याच्या दुकानात धान्य मोजले जायचे, त्याच्या घरची लक्ष्मी मूठभर दाण्यावाचून गेली. आणि याविषयी बोलताना महाराज दैवाला बोल लावीत नाहीत, बादशहाला लावीत नाहीत; आपल्याला लाज वाटली, असे सांगतात. पाहा बरे, शोक तर सर्वांनाच होतो. शोक ओसरतो आणि माणूस पुन्हा तागडी हातात घेतो. लाज मात्र आत राहते आणि प्रश्न विचारीत राहते. महाराजांच्या परमार्थाचा आरंभ या प्रश्नांतून झाला असे मला वाटते. पुढे एका अभंगात त्यांनी देवाचे आभार मानले आहेत, की दिवाळे निघाले हे बरे झाले, दुष्काळाने पिडले हे बरे झाले. तो अभंग ऐकून काही लोकांना महाराज निष्ठुर वाटतात. पण बायको गेली त्या दिवशीचे हे उद्गार नव्हेत. वर चढून गेलेल्या माणसाने मागे वळून वाटेकडे पाहिले, तेव्हाचे आहेत. मधल्या काळात काय झाले तेच तर चरित्र.

मधल्या काळात त्यांनी व्यापार सोडला नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पुन्हा गोणी भरल्या, बैल हाकले, पुन्हा तोटा खाल्ला. ताहराबादच्या महीपतीबुवांनी भक्तलीलामृत १७७४ साली लिहिले, म्हणजे महाराजांच्या नंतर सव्वाशे वर्षांनी. त्यात या व्यापाराच्या दिवसांतली एक गोष्ट येते. आवलीने स्वतःच्या शब्दावर दोनशेंचे कर्ज काढून दिले. महाराजांनी मीठ घेतले, ते विकून अडीचशे झाले. परत येताना वाटेत कर्जापायी गांजलेला एक ब्राह्मण भेटला, आणि जवळचे सगळे त्याला देऊन महाराज रिकाम्या हाताने घरी आले. बुवांनी ही गोष्ट दयेचे भूषण म्हणून सांगितली आहे आणि दया खरीच आहे. पण प्रपंचात राहणाऱ्याने येथे एक गोष्ट विचारावी. ते पैसे कोणाचे होते? आवलीने कोणाच्या तरी दारात उभे राहून आणलेले. सावकाराकडे दुसऱ्या दिवशी तोंड कोणी दाखवायचे? आवलीने. दया पूर्ण होती, हिशेब मात्र अजून पुरता उलगडला नव्हता, असे म्हटल्याने महाराजांची थोरवी उणी होत नाही. उलट पुढची पायरी किती उंच होती ते कळते.

ती पायरी इंद्रायणीच्या काठावर आहे.

मन उद्विग्न झाले तेव्हा महाराज कोणाला न सांगता भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. चाकणच्या बाजूचा हा डोंगर. आज त्याच्या आसपास कारखाने झाले आहेत. गुहा मात्र तशीच आहे. कान्होबा रानोमाळ शोधत फिरले आणि कित्येक दिवसांनी भाऊ सापडला. दोघे इंद्रायणीवर आले, कान्होबांनी त्यांना खाऊ घातले. तेथे महाराजांनी घरातली कर्जखते आणवली. बापाच्या वेळेपासूनचे रोखे, देहूच्या पंचक्रोशीतल्या कुळांचे. सर्वांना वाटते की महाराजांनी वैराग्याच्या भरात ते सगळे नदीत टाकले. तसे नाही. आधी त्यांनी रोख्यांचे दोन भाग केले. एक भाग कान्होबांच्या हातात दिला, हा तुझा, तुला संसार करायचा आहे, तू वेगळा नांद. मग आपला भाग तेवढा इंद्रायणीत सोडला.

या वाटणीवर एक अख्खे कीर्तन करता येईल. ज्या कुळांकडून येणे होते ती कुळे कोणत्या स्थितीत होती? त्याच दुष्काळातून निघालेली. ज्याच्या गोठ्यातला उरलासुरला बैल सोडून आणायचा, त्याच्याही घरी कोणी अन्नावाचून गेलेले. महाराजांनी तो आक्रोश आपल्या घरात ऐकला होता. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर रोखा घेऊन उभे राहणे आता त्यांना शक्य नव्हते. हा त्यांचा निर्णय, त्यांच्या मनाचा. पण कान्होबांच्या मनाचा निर्णय ते करणार नाहीत. आपल्या वैराग्याचा खर्च दुसऱ्याच्या पदरातून केला नाही. मिठाच्या पैशांच्या वेळी जे घडले होते ते येथे घडले नाही. आता, या त्यागाचा भार आवलीवर पडलाच. महाराजांचा वाटा म्हणजे तिचाही. ती सावकाराची लेक, त्या कागदांची किंमत तिला आपल्यापेक्षा अधिक कळत होती. तिने पुढे जन्मभर तोंडाने जाळ काढला आणि तरी भंडाऱ्याच्या डोंगरावर नवऱ्याची भाकरी पोचवायला उन्हातान्हातून दोन कोस जात राहिली. काही ठिकाणी कीर्तनात आवलीची थट्टा करून हशा पिकवतात. ती मला मानवत नाही. चूल पेटवायची कशाने, हा प्रश्न विचारणारे कोणी तरी घरात लागते.

ही वाटणीची गोष्ट आमच्या हिंजवडीकडे सांगताना माझा आवाज जरा चढतो. देहू येथून चार-पाच कोसांवर. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी या शिवारात भात नि ज्वारी होती. आज काचेच्या इमारती आहेत आणि जमिनीची मोजणी एकरांत न होता गुंठ्यांत होते. पैसा आला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बोल्होबांच्या घरीही पैसा होताच. पण २००५ सालच्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलासारखाच झाला, हे सर्वांना ठाऊक असून कित्येक घरी काय चालते? भाऊबीज आटोपली की बहिणीला गाडीत बसवून निबंधकाच्या कचेरीत न्यायचे, हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, वर एक साडी द्यायची. ती बिचारी माहेर तुटू नये म्हणून सही करते. आणि मग त्याच जमिनीच्या पैशातून सप्ताहाला पंगत, मंडपाच्या कमानीवर नाव, कीर्तनकाराला शाल. पंगत वाईट नव्हे. पण तुकोबारायांचा क्रम पाहावा. दुसऱ्याचा वाटा आधी त्याच्या हातात गेला आणि इंद्रायणी नंतर आली. बहिणीने राजीखुशीने सोडले तर गोष्ट वेगळी. राजीखुशी म्हणजे काय हे भावाच्या मनाला चांगले कळते.

असो. रोखे बुडाले म्हणून त्या दिवशी साक्षात्कार झाला काय? तर नाही. चरित्रातला पुढचा भाग फार साधा आहे आणि म्हणूनच फारसा सांगितला जात नाही. पूर्वजांनी बांधलेले विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते. पदरी पैसा नव्हता. महाराजांनी दगड वाहिले, चिखल तुडवला आणि भिंती उभ्या केल्या. मग एकादशीला कीर्तन करू लागले. आणि येथे ते एक विलक्षण कबुली देतात, की आरंभी अभ्यासात चित्तच नव्हते. म्हणजे उभे राहिले कीर्तनाला आणि मन दुसरीकडे! मग केले काय? तर जुन्या संतांची वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. ज्ञानोबारायांची, नामदेवरायांची, एकनाथ महाराजांची, कबीरांची. दुसरा कोणी कीर्तन करीत असेल त्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. ज्या माणसाला गावात महाजन म्हणून पुढची बैठक, तो आता मागच्या ओळीत टाळ घेऊन दुसऱ्याचे पद झेलतो आहे. संतांचे पायवणी घेताना मनात लाज येऊ दिली नाही, हेही ते सांगतात. लाज येते म्हणून तर येऊ दिली नाही असे म्हणावे लागते ना? जमेल तेवढे अंग मोडून लोकांच्या उपयोगी पडले. ओझे वाहा, पाणी आणून द्या, म्हाताऱ्याकोताऱ्याचा बाजार करून द्या. आणि खरे काय नि खोटे काय याची साक्ष लोकांकडे न मागता स्वतःच्या मनाकडे मागितली.

योगशास्त्रात याला अभ्यास म्हणतात. दीर्घ काळ, खंड न पाडता, आदराने केलेला यत्न. आम्ही पाठशाळेत असताना अमरकोश आणि रूपावली घोकत होतो. तेव्हा अर्थ कळत नव्हता. घोकलेले ते पुढे वीस वर्षांनी कधी तरी बोलू लागते. महाराजांनी संतवचनांचे असेच केले.

गेल्या वर्षी सप्ताहात माण रस्त्यावरच्या एका संगणक कंपनीत काम करणारा एक मुलगा मला भेटला. गळ्यात तुळशीची माळ, खांद्याला कंपनीची पिशवी. त्याचे म्हणणे असे, की रोज हरिपाठ म्हणतो पण मन लागत नाही, डोक्यात कामाचेच चालू असते. मग हे म्हणणे म्हणजे ढोंग तर नव्हे? सोडून द्यावे काय? मी त्याला उपदेश काही केला नाही, गाथा काढून तो अभंग दाखवला. जगद्गुरूंचे मन लागत नव्हते, तर त्यांनी कीर्तन थांबवले नाही आणि मन लागल्याचा देखावाही केला नाही. पाठ करीत राहिले, मागे उभे राहून म्हणत राहिले. देखावा केला असता तर ढोंग झाले असते. त्या मुलाने अभंग हातातल्या यंत्रावर टिपून घेतला आणि रात्रपाळीला गेला.

माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, स्वप्नात बाबाजी चैतन्यांचा अनुग्रह झाला. राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी चैतन्य अशी ती परंपरा. राम, कृष्ण, हरि या तीन नामांचा मंत्र मिळाला. त्या स्वप्नाचे वर्णन करताना महाराज एक बारीक गोष्ट सांगून जातात. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले होते आणि स्वप्नात तेच द्यायचे राहून गेले! जन्माचे कल्याण करणारा मंत्र हातात आला आहे, आणि या भल्या माणसाला हुरहुर पावशेर तुपाची. वाण्याचे मन, दिले-घेतल्याचा हिशेब ठेवणारे. ते मन महाराजांनी टाकून दिले नाही. तेच देवाच्या कामाला लावले.

पुढे नामदेवराय पांडुरंगासह स्वप्नात आले आणि कवित्वाची आज्ञा झाली. आज गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग मिळतात. ते लिहून ठेवणाऱ्यांत चाकणचे संताजी तेली जगनाडे, ज्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे, आणि कडूसचे गंगाजीपंत मवाळ, या टाळकऱ्यांचे उपकार आपण जन्मोजन्मी फेडू शकणार नाही. तेली आणि ब्राह्मण एका वहीवर वाकलेले. त्या काळात ही गोष्ट सर्वांना रुचणार नव्हतीच.

रुचली नाही ती वाघोलीच्या रामेश्वरभट्टांना. शूद्राच्या मुखातून वेदार्थ निघतो, तो ऐकू नये, कवित्व बुडवावे, असा निर्णय झाला. महाराजांनी वाद घातला नाही. वह्या नेल्या आणि इंद्रायणीत सोडल्या. त्याच नदीत, जेथे रोखे सोडले होते. पण या दोन बुडवण्यांत केवढे अंतर आहे! रोखे बुडवले तेव्हा मागे वळून पाहिले नाही. वह्या बुडाल्या तेव्हा मात्र पाय निघेना. ज्या शिळेवर महाराज तेरा दिवस अन्नपाणी सोडून बसले ती देहूला आहे, आणि आपण तिच्यावर डोके ठेवतो. पैशाची आसक्ती सहज सुटलेल्या महापुरुषाला शब्दांची आसक्ती सुटता सुटेना. दुष्टांनी टोमणा मारला होता, की आधी कागद बुडवलेस, आता वह्या बुडाल्या, दोन्हीकडून गेलास. तो त्यांना लागला.

तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या. आपल्या कीर्तनांत येथे जयजयकार होतो आणि कथा संपते. महाराजांची कथा येथे संपत नाही. वह्या हातात आल्यावर त्यांनी जे अभंग केले त्यांत आनंदापेक्षा पश्चात्ताप अधिक आहे. आपण देवाला फार मोठ्या संकटात घातले, लोकांच्या बोलण्याने मन क्षोभले म्हणून त्याचा अंत पाहिला, त्याला पाण्यात उभे राहून वह्या सांभाळाव्या लागल्या, हा आपला अपराध झाला, असे ते म्हणतात. जग ज्याला विजय म्हणते त्यात त्यांना स्वतःची चूक दिसली. मुंगी फळाच्या हातभर अलीकडे आली होती. तेथेही तिने आपला पाय कोठे घसरला ते पाहून ठेवले. यापुढच्या अभंगांत जी शांती दिसते ती या तेरा दिवसांनंतरची आहे, असे मला वाटते. रामेश्वरभट्ट पुढे शरण आले, शिष्य झाले, आणि महाराजांची आरती त्यांनीच रचली. विरोधकाला शिष्य करणे हे काही कमी नवल नव्हे. पण मला त्या पश्चात्तापाचेच नवल अधिक वाटते.

मंबाजी गोसाव्याची गोष्ट सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. देहूतच त्याचा मठ होता. देवळाच्या वाटेवर त्याने काट्यांचे कुंपण घातले. एकादशीच्या यात्रेकरूंना काटे टोचतील म्हणून महाराजांनी ते बाजूला केले, आणि मंबाजीने त्याच काटेरी फांद्यांनी त्यांना झोडपले. रात्री कीर्तनाला मंबाजी आला नाही. महाराज त्याच्या घरी गेले, मारून मारून तुमचे हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग चेपीत बसले, आणि त्याला कीर्तनाला घेऊन आले. हे ऐकायला गोड आहे. पण कुंपण आधी काढले, हे विसरू नये. क्षमा केली ती स्वतःला बसलेल्या माराची. यात्रेकरूंच्या वाटेवरचे काटे तसेच राहू दिले नाहीत. मंबाजी हा कोणी कल्पिलेला खलपुरुष नव्हे. शिऊरच्या बहिणाबाई महाराजांच्या हयातीत देहूला येऊन राहिल्या होत्या, आणि त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात मंबाजीने आपल्या कुटुंबाला दिलेला त्रास लिहून ठेवला आहे.

शिवाजी महाराजांनी मशाली, छत्री, घोडे असा नजराणा पाठवला आणि महाराजांनी तो परत केला, ही कथाही प्रसिद्ध आहे. शिवछत्रपतींचा जन्म १६३० चा, त्या दुष्काळाच्या सालचा; वैकुंठगमनाच्या वेळी ते वीस वर्षांचे होते. नजराणा परत करणे सोपे होते असे कोणी समजू नये. घरी आवली होती, मुलेबाळे होती, आणि देणारा चांगला होता. वाईटाचे दान नाकारायला धैर्य लागते. चांगल्याचे नाकारताना आपल्याला काय पुरे आहे हे आधी ठाऊक असावे लागते. ते महाराजांना ठाऊक होते.

शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीया. इसवी सन १६५०. तुकाराम बीज. त्या वेळी आवलीच्या पोटात नारायण होता. याच नारायणबुवांनी १६८५ साली वडिलांच्या पादुका पालखीत घातल्या आणि देहूहून आळंदीला, तेथून पंढरीला सोहळा नेला. तो आजही चालू आहे आणि त्यात आपण चालतो.

देहूला राहिले ते कान्होबा. इंद्रायणीच्या काठी अर्धे रोखे ज्यांच्या हातात दिले होते, वेगळा नांद म्हणून ज्यांना सांगितले होते, ते धाकटे भाऊ. वेगळे नांदलेच नाहीत. भावाच्या मागे टाळ घेऊन उभे राहू लागले, चौदा टाळकऱ्यांत त्यांचे नाव आहे. वैकुंठगमनानंतर त्यांनी जे अभंग केले ते गाथेत स्वतंत्र दिलेले असतात. त्यांत तत्त्वज्ञान थोडे आहे. माझा भाऊ मला परत आणून दे म्हणून देवाशी चाललेले भांडण आहे, रडणे आहे. बीजेच्या दिवशी देहूला नांदुरकीखाली फुले टाकून झाल्यावर गर्दी पांगते, तेव्हा एका बाजूला बसून मी ते अभंग वाचतो.